थोरल्या दिराचे नाव

तीन नंबरच्या बराकीतली गौरा कंदिलाशी बोलते, हे सिस्टर सलोमी यांच्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. तोवर त्यांना एवढेच दिसले होते की चार शिकाऊ नर्सांमध्ये हिची बराक सर्वांत स्वच्छ असते, पाण्याचे पिंप कधी तळ गाठत नाही, आणि सकाळच्या फेरीला वीसच्या वीस खाटांच्या चादरी ताणून बसवलेल्या असतात. हे सगळे कोणाच्या हुकमाने होते, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. नीट चाललेल्या कामाकडे निरखून पाहायला त्यांना सवडच नव्हती.

साल १९१७. लढाई दूर इराकात चालली होती, पण तिच्यातले जखमी मुंबईच्या बंदरात उतरत होते आणि तिथली इस्पितळे ओसंडून वाहत होती. जे वाचतील असे वाटत होते त्यांना बरे होण्यासाठी थंड हवेच्या जागी हलवण्यात आले. त्यांतले काही आगगाडीने इगतपुरीपर्यंत आणि तिथून बैलगाडीने, खोडाळा आणि मोखाडा मागे टाकत, जव्हारला पोचले. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या छपराच्या तीन बराकी उभ्या राहिल्या. जागा, लाकूड आणि पाण्याला, डोलीला लागणारी माणसे जव्हार संस्थानच्या दरबाराने दिली. डॉक्टर आणि औषधे लष्कराची. नर्सा मात्र कोणाकडेच पुरेशा नव्हत्या. तेव्हा नगरच्या मिशनमध्ये वीस वर्षे काढलेल्या सिस्टर सलोमी यांना सांगण्यात आले की मिळतील त्या बायका घ्या आणि माघ महिन्यापर्यंत त्यांना वॉर्डाचा चार्ज सांभाळण्याजोग्या तयार करा. बराकी तीन, शिकाऊ चार; एक नंबरवर दोघी मिळून. म्हणजे एकीला परत जावे लागणार, हे पहिल्या दिवशीच सर्वांना ठाऊक झाले.

गौरा खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरची, कोकणा आदिवासी शेतकऱ्यांच्या घरातली सून. नवरा चार वर्षांपूर्वी तापाने गेला. त्यानंतर ती जव्हारच्या दवाखान्यात बायकांची उठबस करायला म्हणून लागली. तिथल्या डॉक्टरांच्या पत्नीने तिला आधी अक्षरे, मग आकडे आणि शेवटी पारा कुठवर चढला ते वाचायला शिकवले. मुलगी फागी सहा वर्षांची, ती पाड्यावर आजीपाशी. शिकाऊ नर्सा एकाच खोलीत राहत आणि तिथे मूल ठेवण्याची परवानगी नव्हती. पण ज्या बाईकडे वॉर्डाचा चार्ज येईल तिला बराकीच्या टोकाला स्वतंत्र खोली मिळणार होती. सिस्टर सलोमी यांनी ती खोली दाखवली तेव्हा बाकीच्या तिघींनी खाट पाहिली. गौराने चूल पाहिली, आणि चूल व भिंत यांच्यामध्ये एका लहान वाकळेपुरती जागा आहे की नाही ते वितीने मोजून घेतले. जागा होती. त्या दिवसापासून तिला तीन नंबरचा चार्ज हवा होता, आणि तो कशासाठी हवा हे तिने कोणालाही सांगितले नव्हते.

सासरच्यांनी तिला इस्पितळात येऊ दिले ते एका अटीवर. थोरला दीर ढवळू सोबत जाईल आणि ती जिथे असेल तिथेच राहील. ढवळू चाळिशीचा, काटकुळा, फार कमी बोलणारा. त्याला पाणक्याचे आणि डोली उचलण्याचे काम मिळाले. नाव लिहून घेणाऱ्याने नाते विचारले नाही आणि त्याला तीन नंबरच्या बराकीत घातले.

आता धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्याचे नाव तर घ्यायचे नाहीच, पण नावाच्या जवळचा शब्दही जिभेवर येऊ द्यायचा नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासूनच्या दहा वर्षांत गौराने कढी कधी ढवळली नव्हती, ती हलवली होती. गोठ्यातल्या ढवळ्या बैलाला ती पांढरा म्हणे, आणि बैलालाही त्याची सवय झाली होती. दीरही रीत पाळणारा. दारात पाऊल टाकण्याआधी तो खोकायचा, आणि काही सांगायचे झाले तर चुलीला किंवा वासराला उद्देशून सांगायचा. यात कडवटपणा नव्हता. भाऊ गेल्यावर फागीला खांद्यावर घेऊन शेताच्या बांधावरून फिरवणारा माणूस तोच होता.

एका सकाळी सिस्टर सलोमी मागच्या दाराने बराकीत आल्या. गौरा मधोमध उभी होती आणि छताला टांगलेल्या कंदिलाकडे पाहून शांतपणे म्हणत होती, "बारा नंबरच्या पायाला ऊन पाणी लागंल. आन् घडवंचीखालचं भांडं कालपासून तसंच हाय."

पाच हातांवर, तिच्याकडे पाठ करून, ढवळू उभा होता. त्याने हूं की चूं केले नाही. भांडे उचलले आणि चालता झाला.

"कोणाशी बोलत होतीस?" सिस्टर सलोमींनी विचारले.

"कोणाशी नाय, सिस्टरबाई."

"मग ते भांडं काय आपल्या पायांनी गेलं?"

दाराजवळच्या खाटेवर नाईक सकपाळ पडून होता. महाडकडचा, मांडीत गोळी लागलेला, आणि पडून राहण्याचा मनस्वी कंटाळा आलेला. हसू दाबता दाबता त्याला ठसका लागला.

"सिस्टर, ते तिचे थोरले दीर," तो म्हणाला. "त्यांच्यात बोलत नाहीत. कंदील काढून नेला असला की मग माझी पाळी. 'सकपाळदादा, कोणी लाकडं फोडली तर बरं होईल,' असं मला सांगायचं. मी काय लाकडं फोडणार? बसऱ्याला आमच्या पलटणीत झेंडे हलवून निरोप धाडणारा एक शिपाई होता. इथं तो झेंडा मीच आहे."

सिस्टर सलोमींना हसू आले, पण त्यांनी ते गौराला दिसू दिले नाही. त्यांच्या साऱ्या शिकवणीचा पाया नेमका उलटा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी चौघींना माळावर चार कोपऱ्यांत उभे केले होते आणि एकमेकींना नावाने हाका मारायला लावल्या होत्या. "हुकूम नावाने, समोर आणि एकदाच," त्या सांगत. "'कोणीतरी पाणी आणा' असं म्हटलंत की पाणी कोणीच आणत नाही. ऐकणाऱ्याकडून 'जी' ऐकल्याशिवाय हुकूम पोचला असं मानायचं नाही. शाबासकी द्यायची ती नावाने, आणि चूक ज्याची असेल ती त्याच्याच नावावर घालायची." माघात देवळालीहून कप्तान डॉक्टर येणार होते. त्यांच्यासमोर प्रत्येकीने आपल्या बराकीतल्या चार माणसांची हजेरी नावानिशी घ्यायची होती आणि त्यांना हुकूम द्यायचे होते. एवढीच परीक्षा.

"परीक्षेच्या दिवशी कप्तानसाहेब कंदिलाची हजेरी घेऊ देणार नाहीत," सिस्टर सलोमी म्हणाल्या. "त्याला मी एक नंबरला पाठवते."

गौराने मान हलवली. "तसं नका करू. ते नजरेआड झाले का सासू मला माघारी बोलवील."

"मग नाव घे."

"नाव घेतलं तर पाड्यावर ते तोंड कसं दाखवतील? इथं डोलीला सूर्यमाळची माणसं हायत, मोखाड्याची हायत. बाजाराच्या दिवशी गोष्ट घरी पोचंल. मग सासू पोरीस धाडायची नाय."

सिस्टर सलोमींनी पोरीचे प्रथमच ऐकले. त्यांनी बराकीच्या टोकाच्या खोलीकडे पाहिले, मग गौराकडे. "महिना आहे," एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गौराला वाटत होते की या महिन्यात काहीतरी निघेल. बराक तर उत्तम चालली होती. कंदील नीट ऐकत होता. मनातल्या मनात ती असेही म्हणे की कप्तानसाहेबांनी एकदा चादरींवरून हात फिरवला की नावाचे त्यांना काय एवढे पडले असणार.

पौषातल्या एका दुपारी हा भरवसा तुटला. सात नंबरच्या खाटेवर एक पंजाबी शिपाई हिवतापाने थडथडू लागला. गौरा पंधरा नंबरच्या खाटेशी होती, आणि तिचे दोन्ही हात तिथल्या उघड्या जखमेत गुंतलेले होते. तिने मान वर करून कंदिलाला सांगितले, "सात नंबरला घोंगडी आन् ऊन पाण्याची बाटली द्यावी लागंल."

दुपारच्या वेळी हे ऐकायला नेहमी एकटा ढवळू असे. त्या दिवशी रघ्याही होता. रघ्या सूर्यमाळचा, नवाच आलेला. कंदिलाला सांगितलेले काम ढवळूचे असते, हे त्याला दोन दिवसांत समजले होते. म्हणून तो आपला लाकडे आणायला बाहेर पडला. रघ्या स्वयंपाकघराच्या बाजूला गेलेला ढवळूने पाहिला, आणि बाटली भरायला हाच गेला असे समजून तो कावड घेऊन विहिरीवर गेला. दोघेही कामाची माणसे, दोघांनीही नीट ऐकलेले, आणि दोघेही निश्चिंत.

अर्ध्या तासाने गौराने हात धुतले आणि वळून पाहिले. शिपायाचे दात वाजत होते. नाईक सकपाळ आपली घोंगडी ओढत खाटा धरधरून सात नंबरपर्यंत पोचला होता, घोंगडी शिपायाच्या अंगावर टाकली होती, आणि आता खाली बसला होता. त्याला उठता येत नव्हते. त्याच्या मांडीचे टाके उसवले होते आणि पायजम्यावर लाल डाग पसरत होता.

"झेंडा पडला, गौराबाई," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला.

सिस्टर सलोमी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर गौराला सोपे गेले असते. टाके पुन्हा घालून झाल्यावर त्यांनी तिला बाहेर ओट्यावर बसवले. "तुझ्या घरची रीत खोटी नाही," त्या म्हणाल्या. "घरात ती चालते, कारण घरात ऐकणारा एकच असतो. इथे चार आहेत. लढाई वाढली तर दहा होतील. तेव्हा तू कोणाला सांगते आहेस हे ऐकणाऱ्याने ओळखायचं, की तू सांगायचं?"

नाव घेतले तर मुलगी जाते, न घेतले तर खोली जाते आणि खोलीबरोबर मुलगी जातेच. पण आज प्रथमच तिच्या मनात तिसरी गोष्ट आली होती. सकपाळचे रक्त तिला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सकपाळच्या मांडीची पट्टी बदलत होती. ढवळू दारात खोकला आणि आत आला. खाटेच्या पायथ्याशी तो उकिडवा बसला, आणि गौराने त्याला दहा वर्षांत ऐकले नव्हते इतके तो बोलला. बोलला अर्थात सकपाळशी.

"नाईकसाहेब, बोहाडा पाहिलाय कंदी?"

"नाही बुवा. काय असतं?"

"आमच्याकडं देवांची सोंगं नाचवतात. लाकडाचे मुखवटे असतात. एकेक सोंग एकेका घराचं. आमच्या घरात भीमाचं. बापाकडनं मला आलं."

सकपाळने त्याच्या हाडकुळ्या खांद्यांवरून नजर फिरवली. "भीम? तुम्ही?"

"मुखवटा मोठा हाय," ढवळू म्हणाला.

सकपाळला पुन्हा ठसका लागला आणि गौराला पट्टी घट्ट धरावी लागली.

"तर सोंग चढलं का मग मी माझा नसतो," ढवळू सावकाश पुढे बोलू लागला. "मी कोणाचा दीर नाय, कोणाचा भाऊ नाय. घरची सून पंचारती घेऊन तोंडासमोर उभी राहते. वर बघून बोलते, मागायचं ते मागते. गेल्या साली मागितलं, पोरीस नीट ठेव. ते भीमानं ऐकलं. मी नाय ऐकलं."

"बरं, मग?"

"मग हा सरकारी कोट." त्याने अंगातल्या खाकी कोटाची बाही दोन बोटांनी उचलून दाखवली. "हाही सोंगच. सरकारचं. पितळी बिल्ला हाय, नंबर हाय. हा आंगावर हाय तवर मी कोणाचा थोरला नाय. सरकारचं सोंग ज्या नावानं बोलावतील त्या नावानं येईल. काल मी विहिरीवर होतो, आन् तुमी रगतात बसला होता. ते मला झोपू देत नाय."

सकपाळने एकदा त्याच्याकडे आणि एकदा गौराकडे पाहिले. "हे मी कोणाला सांगायचं?"

"कोणाला नाय. तुमास सांगितलं," ढवळू म्हणाला आणि कावड उचलून गेला.

परवानगी मिळाली म्हणून जीभ वळतेच असे नाही. माघ उजाडेपर्यंत गौरा रोज सकाळी कपडे वाळत घालण्याच्या दोरीपाशी उभी राहून ते नाव म्हणून पाही. पहिले चार दिवस नुसता श्वास बाहेर आला. पाचव्या दिवशी पहिले अक्षर आले आणि तिने घाईने तोंडावर पदर घेतला, जणू कोणी पाहिले असावे. डहाणूहून आलेली शिकाऊ नर्स कमू हिने तिला तसे पाहिले आणि घसा धरला समजून मिठाचे पाणी आणून दिले. गौराने ते पिऊन टाकले.

कप्तान डॉक्टर आले ते घाईतच. उंच, उन्हाने लालबुंद झालेले गृहस्थ. हिंदुस्थानी बरी बोलत, हातात काठी. एक नंबर झाली, दोन नंबर झाली. तीन नंबरच्या बराकीत चार माणसे रांगेत उभी होती आणि वीस खाटांवरची वीस डोकी उशीवरून उचलली गेली होती. बातमी सगळ्यांना होती. कप्तानांना तेवढी नव्हती.

गौराने हजेरीचा कागद धरला. "रघ्या," ती म्हणाली. "जी, बाई." "सुकऱ्या." "जी." "पुंजा." "जी, बाई." चौथ्या नावापाशी तिने कागद खाली घेतला. रघ्याने डोळे मिटून घेतले. सिस्टर सलोमी खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"ढवळू," गौरा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण तिने मान वर केली होती आणि ती त्याच्याकडेच पाहत होती.

"जी, बाई," ढवळू म्हणाला. एवढ्या मोठ्याने, की बारा नंबरचा शिपाई दचकला.

कप्तानांना यात पाहण्यासारखे काही दिसले नाही. ते खाटांमधून फिरू लागले. जाता जाता त्यांनी काठीच्या टोकाने पिण्याच्या पाण्याच्या पिंपाचे झाकण उडवून खाली पाडले, पुढे गेले, आणि वळून गौराला म्हणाले, "वो देखो. पानी खुला है. किसकी गलती?"

पिंपाचे काम ढवळूचे होते. कप्तान प्रत्येक बराकीत हेच करत आले होते. एक नंबरमध्ये पाणक्याला बोल बसले होते, दोन नंबरमध्येही. तिथे बसले ते योग्यच, असे कप्तानांच्या चेहऱ्यावरून वाटत होते. चार्जवाल्या बाईला माणसाला दटावता येते की नाही, ते त्यांना पाहायचे असावे. गौराने झाकण पडताना पाहिले होते. तिने सिस्टर सलोमींकडे पाहिले नाही.

"ढवळू," ती म्हणाली, आणि या वेळी नाव पहिल्यापेक्षा सुटे आले. "पिंपाचं झाकण साहेबांच्या काठीनं पडलंय. धुऊन लाव."

"जी, बाई."

खाटांवर कोणी हसले नाही, पण वीस चादरींखाली काहीतरी हलल्यासारखे झाले. कप्तान क्षणभर आपल्या काठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. ती सिस्टर सलोमींनी दुपारी वाचून दाखवली. आवाज लहान, नजर चोख, चार्ज द्यावा.

तीन नंबरची बराक पुढे दीड वर्ष गौराच्या हाती राहिली. इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथे वीस खाटांच्या जागी चाळीस झाल्या आणि माणसे चाराची नऊ झाली. लढाई संपून पत्रे उतरवले गेले तेव्हा ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि म्हातारी होईपर्यंत तिथेच होती. सकपाळ लंगडत का होईना, पण आपल्या पायांनी महाडला गेला. पण त्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट व्हायची होती, आणि ती गौराच्या हातात नव्हती. नाव घेतल्याची बातमी पाड्यावर पोचायची होती.

ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून पोचू नये म्हणून ढवळू परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी रजा घेऊन पायी निघाला. मोखाड्याच्या बाजारात तो थांबला नाही. घरी पोचला तेव्हा त्याची आई रामी अंगणात नागली पाखडत होती. पुढे काय झाले ते गौराला फागीने नंतर साऱ्या हातवाऱ्यांसकट सांगितले, कारण फागी तिथेच सुपातून उडालेले दाणे वेचत बसली होती.

"आये," ढवळू उंबऱ्यावर बसत म्हणाला, "सुनंनं माझं नाव घेतलं."

सूप थांबले नाही. "किती जणांपुढं?"

"वीस खाटा. आमी चार. सिस्टरबाई आन् एक साहेब."

"भांडून?"

"नाय. कामासाठी. झाकण लावाया सांगितलं."

"लावलंस?"

"लावलं."

"आन् तू काय बोललास?"

ढवळूने डोक्यावरचे फडके काढून गुडघ्यावर ठेवले. "बोललो, जी बाई."

रामीने सूप खाली ठेवले. आधी तिचे खांदे हलले, मग ती तोंडाला पदर लावून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते हसण्याचे पाणी किती वेळ होते आणि दुसऱ्या कशाचे कधी झाले, हे फागीला सांगता येईना.

"पंचेचाळीस वरसं या घरात हाय मी," रामी शेवटी म्हणाली. "चार पोरं वाढवली, दोन पोचवली. मला कोणी एकदा 'जी बाई' नाय म्हणालं."

"आये..."

"गप बस. आता म्हणू नको, आता त्यात काय राम हाय?" तिने डोळे पुसले आणि विचारले, "खोली मिळाली तिला?"

"मिळाली. चूल हाय."

रामीने फागीला जवळ ओढले, दोन गुडघ्यांमध्ये बसवले आणि फणी मागितली. उद्या तुला जव्हारास जायाचं हाय, असे तिने सांगितले. वेणी तिने इतकी ताणून घातली, की फागीच्या भुवया वर ओढल्या गेल्या, आणि जव्हारला बराकीच्या दारात रघ्याने तिला विचारले, पोरी, तू केव्हापासून अशी चकित होऊन बघते आहेस?